राजाची सही आणि मरोळचा कुणबी

युरोपातल्या अनियंत्रित राजांविषयी मराठीत काही लिहिलं की व्हर्सायचा आरसेमहाल येतो, चौदावा लुई येतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की हे सगळं फार दूरचं आहे. माझ्या मते हा विषय आपल्या पायाखालचा आहे. अंधेरी, बोरिवली, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड ही गावं ज्या साष्टी बेटावर उभी आहेत, ते बेट १५३४ पासून दोनशे वर्षं पोर्तुगालच्या राजाचं होतं. मधली साठ वर्षं, १५८० ते १६४०, पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजांच्या डोक्यावर होता. म्हणजे एस्कोरिआलच्या महालात बसून अर्ध्या जगाची कागदपत्रं स्वतः वाचणारा दुसरा फिलिप हा अंधेरीचाही राजा होता. माहीमच्या खाडीपलीकडची मुंबई तर एका लग्नात हुंडा म्हणून गेली.

माझा मामा भूमिअभिलेख खात्यातून निवृत्त झाला. तो मुलुंडला राहतो. मी अंधेरीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. या राजांच्या हातात खरोखर किती सत्ता होती, यावर आमचा जुना वाद आहे. तो बऱ्याच बैठकांत झाला. इथे तो सलग लिहिला आहे.

मामा : तुमच्या पुस्तकात ‘अनियंत्रित राजेशाही’ असं प्रकरण असतं, त्यात दहा व्याख्या असतात. मला एक तह पुरतो. २३ जून १६६१. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या लग्नाचा करार. हुंड्यात वीस लाख क्रुझादो, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं टँजिअर आणि अकराव्या कलमात मुंबई. बेटावर कोळी होते, भंडारी होते, कुणबी होते, त्यांची शेतं आणि ताडमाड होते. त्यांना कुणी विचारलं? माणसांसकट बेट देऊन टाकायचं, याहून अनियंत्रित ते काय असतं?

मी : सही जून १६६१ ची. ताबा कधी मिळाला?

मामा : १६६५.

मी : १८ फेब्रुवारी १६६५. पावणेचार वर्षं. त्या वर्षांत काय झालं ते बघ, म्हणजे राजाचा हात कुठवर पोचत होता ते कळतं. सप्टेंबर १६६२ मध्ये लॉर्ड मार्लबरोचं आरमार मुंबईसमोर येऊन उभं राहिलं. बेट ताब्यात घ्यायला सर अब्राहम शिपमन आलेला, सोबत सुमारे चारशे शिपाई. बेट हवाली करणारा पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो दे मेलो दे कास्त्रो त्याच ताफ्यातून आला होता. आल्यावर त्याने बेट द्यायला नकार दिला. शिपमनचं अधिकारपत्र हव्या त्या नमुन्यात नाही म्हणाला. इंग्रज म्हणाले, मुंबई म्हणजे साष्टी आणि ठाणेही. तो म्हणाला, मुंबई म्हणजे फक्त मुंबई. मार्लबरो परत गेला. शिपमन आपली माणसं घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसला. तिथल्या हवेने आणि तापाने शिपाई पटापट मेले, १६६४ मध्ये तोही मेला. शेवटी त्याच्या सचिवाने, हम्फ्री कुकने, शंभरेक माणसांनिशी ताबा घेतला. दोन राजांच्या सह्या झालेल्या असताना एक व्हाइसरॉय इतकं करू शकतो, तर ही सत्ता अनियंत्रित कशी?

मामा : उशीर म्हणजे नकार नव्हे. मी तीस वर्षं फेरफार नोंदी बघितल्या आहेत. हुकूम निघाल्यावर खालचा माणूस जितका वेळ काढता येईल तितका काढतो. पण हुकूम कुणाचा, हे त्यालाही ठाऊक असतं. त्याच व्हाइसरॉयने जानेवारी १६६५ मध्ये आपल्या राजाला जे पत्र लिहिलं, ते तूच मला वाचायला दिलं होतंस. इंग्रज ज्या दिवशी मुंबईत बसतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातचा गेला, असं तो त्यात सांगतो. केवळ तुमचा सेवक म्हणून, आज्ञा मोडता येत नाही म्हणून, हे करतो आहे, असंही लिहितो. समोर नाश दिसतो आहे आणि तरी तो सही करतो. यालाच मी सत्ता म्हणतो. पटलेला हुकूम कुणीही पाळेल.

इथे मला थोडं थांबावं लागलं होतं. मामाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मला दिसत होतं ते त्या पत्राच्या मागचं.

मी : हुकूम देणारा कोण, ते तर बघ. तह झाला तेव्हा पोर्तुगालचा राजा होता सहावा आफोन्सो. राज्य चालवत होती त्याची आई लुइसा. पोर्तुगाल स्पेनपासून १६४० मध्ये सुटलेला, स्पेनने ते मान्य केलेलं नाही, सरहद्दीवर युद्ध चालू, आणि समुद्रावर डच एकेक ठाणं हिसकावत होते. इंग्लंडचं आरमार आपल्या बाजूला असावं म्हणून ही मुलगी, हा पैसा आणि हे बेट दिलं. ही सत्तेची उधळण नव्हती, ही गरज होती. आणि त्या आफोन्सोचं पुढे काय झालं? १६६७ मध्ये धाकट्या भावाने, पेद्रोने, त्याला बाजूला केलं. त्याचं लग्न रद्द ठरवून त्याच्या बायकोशी स्वतः लग्न केलं. आफोन्सोला आधी अझोर्स बेटांवर ठेवलं, मग सिंत्राच्या राजवाड्यात कोंडलं. १६८३ मध्ये तिथेच तो मेला. ज्याच्या नावाने मुंबई दिली गेली, त्याला आपल्या खोलीचं दार उघडता येत नव्हतं. दुसऱ्या बाजूचा चार्ल्स घे. त्याच्या बापाचं डोकं ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमध्ये भर चौकात उडवलेलं. बाप म्हणत होता, राजा फक्त देवाला जबाबदार असतो. मुलाने ते मनात ठेवलं, पण पार्लमेंटकडून पैसे मिळेनात तेव्हा चौदाव्या लुईकडून गुपचूप घेतले. हुंड्यात आलेलं टँजिअर परवडेना म्हणून १६८४ पर्यंत तटबंदी उडवून सोडून दिलं.

मामा : आणि मुंबई परवडेना म्हणून ईस्ट इंडिया कंपनीला दिली. तो कागद मला फार आवडतो. २७ मार्च १६६८ ची सनद. भाडं दरसाल १० पौंड, सोन्यात, ३० सप्टेंबरला द्यायचं. आणि जमीन कुठली? कायद्याच्या भाषेत मुंबई म्हणजे इंग्लंडातल्या केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रिनिचच्या जहागिरीचा भाग. आपली डोंगरी, आपलं माझगाव, ग्रिनिचमध्ये! मी इतकी वर्षं नोंदी केल्या, पण एका बेटाचा सर्व्हे नंबर दुसऱ्या खंडात टाकणारा हुकूम कधी बघितला नाही. अगं, कुकचा ताबाही बघ. मनोर हाउसपाशी उभा राहिला, भिंतींना हात लावला, माती आणि दगड हातात घेतले आणि कब्जा झाला. त्या वाड्याची मालकीण दोना इनेस दे मिरांदा, विधवा बाई, तिच्याच घरी हा कार्यक्रम. मूठभर माती घेतली आणि हजारो माणसांचा धनी बदलला. तू म्हणतेस राजे दुबळे होते. असतील. पण कागद दुबळा नव्हता.

मी : कागद दुबळा नव्हता, हे मी मान्य करते. पण तो कुणाच्या बाजूने चालला? एक गोष्ट सांगते. १६८३ च्या डिसेंबरात मुंबईच्या किल्ल्यातल्या फौजेचा प्रमुख रिचर्ड केग्विन याने बंड केलं. कंपनी पगार कापत होती, शिपाई वैतागले होते. बंड केलं ते राजाच्या नावाने. त्याने जाहीर केलं की कंपनीचा अंमल संपला, आजपासून हे बेट थेट महाराज चार्ल्सचं. जवळपास अकरा महिने त्याने कारभार केला, संभाजीराजांकडे वकील पाठवून करारमदार केला. राजाला पत्रं लिहिली की तुमचं बेट तुमच्यासाठी राखून ठेवलं आहे.

मामा : आणि राजाचा हुकूम येताच केग्विनने नोव्हेंबर १६८४ मध्ये किल्ला खाली करून दिला. गोळी न झाडता. माझा मुद्दा झाला.

मी : हुकूम काय आला, ते बघ ना! बेट कंपनीला परत दे. राजाच्या नावाने उठलेल्या माणसाला राजानेच कंपनीच्या स्वाधीन व्हायला सांगितलं. राजाला स्वतःची सत्ता नको होती, तिच्यावरचा खर्च नको होता. त्याच्या जागी सत्ता गाजवणारे पैसेवाले त्याला हवे होते.

आता मामाने वाद ज्या दिशेला नेला, ती दिशा मी वर्गात कधी घेतली नव्हती.

मामा : तू सारखी वर बघतेस. राजा आणि व्हाइसरॉय, राजा आणि पार्लमेंट, राजा आणि कंपनी. त्या वरच्या माणसांत कुणाचं चाललं, कुणाचं नाही, हा हिशेब तू मांडतेस. मरोळच्या कुणब्याच्या जागेवर उभी राहून सांग. तुझ्या कॉलेजपासून जवळच सीप्झमध्ये चर्चचे अवशेष आहेत ना?

मी : सेंट जॉन द बाप्टिस्टचं. १५७९ मध्ये जेझुइट पाद्र्यांनी बांधलं. १८४० च्या साथीनंतर गावाने ते सोडलं आणि मरोळला नवं चर्च झालं.

मामा : १५७९ मध्ये राजा कोण होता?

मी : कार्डिनल हेन्री. त्याचा पुतण्याचा मुलगा सेबास्तियान १५७८ मध्ये मोरोक्कोच्या लढाईत चोविसाव्या वर्षी मेला, वारस नव्हता, म्हणून म्हाताऱ्या धर्मगुरूला गादीवर बसवलं. १५८० च्या जानेवारीत तोही गेला आणि मग फिलिप आला.

मामा : तर दोन वर्षांत तीन राजे. तिथल्या कोंडिवट्याच्या माणसाला काय फरक पडला? त्याचं गाव कुणा फिदाल्गोला, म्हणजे पोर्तुगीज सरदाराला, तीन पिढ्यांच्या पट्ट्याने दिलेलं. फिदाल्गोने राजाला ठरलेला फोरो, म्हणजे खंड, भरायचा, वेळ पडल्यास घोडा आणि हत्यारबंद माणसं पुरवायची, आणि भात मात्र कुळाकडून वसूल करायचं. राजा मेला, राजा बदलला, घराणं बदललं, देश बदलला, भाताची वसुली बदलली नाही. त्याच्यासाठी सत्ता पूर्ण होती. बोरिवलीचं मंडपेश्वर घे. सहाव्या शतकाच्या आसपासची शैव लेणी. फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो दो पोर्तो येतो, लेण्यात प्रार्थनाघर करतो, वर टेकडीवर चर्च आणि कॉलेज उभं राहतं. आत आजही शिल्प तासून कोरलेला क्रूस दिसतो. तिथल्या पुजाऱ्याने कुणापुढे दाद मागायची? व्हाइसरॉयला कलमं काढता येत होती, नमुना चुकला म्हणता येत होतं. पुजाऱ्याकडे कुठलं कलम होतं?

मी : गोव्यातलं १५५९ चं उदाहरण यापेक्षा भयंकर आहे. लिस्बनहून हुकूम आला, की हिंदूंची पोरकी मुलं सांता पाउलोच्या जेझुइट कॉलेजच्या स्वाधीन करावीत, तिथे त्यांना बाप्तिस्मा द्यावा आणि वाढवावं. हुकूम राजा सेबास्तियानच्या नावाचा. सेबास्तियान तेव्हा पाच वर्षांचा होता. राज्य त्याची आजी चालवत होती.

मामा : पाच वर्षांचा?

मी : जन्म जानेवारी १५५४. त्या हुकुमाने जी मुलं घरातून नेली गेली, त्यांतली काही त्याच्याच वयाची असतील. म्हणून मी म्हणते, राजा हा माणूस नव्हताच. ते नाव होतं. ज्याच्या हातात नाव असेल त्याची सत्ता. आजी असेल, भाऊ असेल, धर्मगुरू असेल, कंपनी असेल.

मामा : आणि म्हणून मी म्हणतो, की सत्ता अनियंत्रितच होती. ज्या आजीने मूल वाढवलं, काकाने शेत राखलं, त्यांच्या दारात शिपाई आला तेव्हा त्यांनी राजाचं वय विचारलं असेल का? तू राजाची कमजोरी दाखवतेस. ती खरी आहे. पण राजा कमजोर असल्याने त्या घराला काय सुटका मिळाली?

याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. नंतर मुलुंडहून घरी येताना विचार करत राहिले, आणि पुढच्या भेटीत लुईची गोष्ट काढली. ती मामाला नेहमी परकी वाटते. मी ती मिठाकडे नेली, कारण मुलुंड, भांडुप, घाटकोपरची मिठागरं त्याने आयुष्यभर पाहिली आहेत.

मी : चौदावा लुई १६४३ ते १७१५, बहात्तर वर्षं गादीवर. कॅथरिनच्याच वर्षी, १६३८ मध्ये जन्मलेला. १६८२ पासून दरबार व्हर्सायला. सकाळी तो उठतो कसा, सदरा कोण देतो, रात्री मेणबत्ती कुणी धरायची, हे मोठमोठ्या उमरावांचे मान. ‘राज्य म्हणजे मीच’ हे वाक्य त्याच्या तोंडी घालतात, पण तो ते बोलल्याचा पुरावा नाही. आता त्याचा मिठावरचा कर बघ. ज्या प्रांतांत तो पुरा लागू होता तिथे आठ वर्षांवरच्या प्रत्येकाने दरसाल ठरलेलं मीठ सरकारी कोठारातूनच, सरकारी भावाने घ्यायचं. नको असलं तरी घ्यायचं. शेजारच्या ब्रिटनी प्रांतात मात्र हा कर नाही, कारण फ्रान्समध्ये सामील होताना त्या प्रांताने आपले जुने हक्क राखले होते. जगातला सर्वांत थोर राजा, पण एका प्रांताच्या मिठाला त्याला हात लावता येत नाही. सरहद्दीच्या अलीकडे मीठ महाग आणि पलीकडे स्वस्त, म्हणून गरीब माणसं मीठ चोरून नेतात आणि पकडली गेली की जहाजावर वल्ही मारायच्या शिक्षेला जातात. जमिनीवरचा मुख्य कर, ताय, सरदारांना माफ. तो शेतकऱ्याने भरायचा.

मामा : म्हणजे वर हात लागत नाही, खाली सगळा भार.

मी : हो. आणि हे फक्त पैशाचं नाही. दोन कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या फ्रान्सवर लुईचे इंतांदां, म्हणजे प्रांतोप्रांतीचे मुख्य अधिकारी, होते तीसेक. एवढ्या माणसांनी देश चालत नाही. स्थानिक सरदार, विकत घेतलेल्या हुद्द्यांवरचे न्यायाधीश, कर गोळा करणारे मक्तेदार यांना वाटा देऊनच तो चालतो. पण १६८१ पासून प्रॉटेस्टंट घरांत घोडेस्वार शिपाई राहायला घातले, घरच्यांनी धर्म सोडेपर्यंत. १६८५ मध्ये प्रॉटेस्टंटांना मुभा देणारं नान्तचं फर्मान रद्द केलं. दीड-दोन लाख माणसं देश सोडून गेली. तिथे राजाला कुणी अडवलं नाही. आपल्या इथे साष्टीत जसं कुणी अडवलं नाही. मामा, तुझं म्हणणं मला आता असं पटतं : ही सत्ता बलवानांपाशी तडजोड करत होती आणि ती तडजोड निर्बळांकडून वसूल करत होती. ‘अनियंत्रित’ हा शब्द दरबारात खोटा होता आणि शेतकऱ्याच्या घरात खरा.

मामा : मग पुस्तकातलं प्रकरण बरोबर आहे.

मी : नाही, कारण पुस्तक सांगतं की ही सत्ता राजाची होती.

मामा : पुन्हा तिथेच आलीस.

आम्ही पुन्हा तिथेच आलो होतो, हे खरं. मग मामाने विषय चिमाजीअप्पांवर आणला. प्रत्येक मराठी घरात या वादाचं वळण तिथेच येणार, आणि यायलाच हवं.

मामा : १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, साष्टी घेतली. मे १७३९ मध्ये वसई पडली. तेव्हा लिस्बनला कोण होता?

मी : पाचवा जोआंव. खरा अनियंत्रित म्हणावा असा. पोर्तुगालची प्रतिनिधी सभा, कोर्तेस, १६९८ नंतर भरलीच नाही, कारण ब्राझीलमध्ये सोनं सापडलं होतं आणि खाणीतल्या सोन्याचा पाचवा हिस्सा राजाचा. कर मागायला कुणापुढे जायची गरज उरली नाही. त्या पैशातून त्याने १७१७ मध्ये माफ्राचा राजवाडा सुरू केला. राजवाडा, मठ आणि चर्च एकत्र. हजारो मजूर राबले. इकडे वसईच्या वेढ्यात पोर्तुगिजांवर पाळी आली ती चर्चची चांदी गहाण ठेवून मुंबईच्या इंग्रजांकडून पैसे उचलण्याची.

मामा : माफ्राचं सोनं वसईपर्यंत आलं नाही.

मी : यायला किमान सहा महिने लागत होते. लिस्बनहून गलबतं मार्च-एप्रिलात सुटायची, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला लागायची. इकडून गेलेल्या पत्राला उत्तर यायला वर्ष-दीड वर्ष सहज जाई. तेवढ्या वेळात वसईचा वेढा संपूनही गेला. बाजीरावांचा हुकूम पुण्याहून वसईला काही दिवसांत पोचत होता. या लढाईत तो फरक फार मोठा होता.

मामा : आणि लोक? इथले लोक कुणाच्या बाजूने होते, तो फरक नाही का? छळ सोसलेली माणसं होती. मराठ्यांना आत बोलावणारी, वाटा दाखवणारी माणसं इथलीच होती. राजाच्या सत्तेवरचं खरं नियंत्रण तुझ्या पार्लमेंटात नाही सापडायचं. ते इथे आहे.

मी : हे तू फार मोलाचं बोललास. पण पुढचंही बघू. मराठी राज्य आलं तरी साष्टीतले ख्रिस्ती इथेच राहिले. मरोळ, कुर्ला, गोराई, मनोरीची ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरं आजही मराठी बोलतात. ज्यांच्या पूर्वजांवर धर्म लादला गेला असेल, त्यांनी तो पुढे आपला म्हणून जपला. राजाने दिलेलं राजा गेल्यावरही लोकांचं होऊन राहतं, हे मला राजाच्या सत्तेपेक्षा मोठं वाटतं.

मामा : मराठी राज्यात राजाची सत्ता अनियंत्रित नव्हती, असं म्हणायचंय?

मी : इतकं सोपं म्हणणार नाही. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र लुईच्या मृत्यूच्या सुमारास, १७१५-१६ मध्ये लिहिलं गेलं. राज्य देवाने दिलं, हे तेही म्हणतं. फ्रान्सच्या बॉस्युएने युवराजासाठी लिहिलेल्या ग्रंथात तेच आहे. आज्ञापत्र लगेच पुढे येतं ते प्रजेच्या पालनाच्या जबाबदारीवर, गडांवर, वतनदारांवर. वतनदार हे राज्याचे लहान वाटेकरीच, त्यांना दुखवायचंही नाही आणि डोईजड होऊ द्यायचं नाही, ही अमात्यांची चिंता. लुईची चिंता वेगळी नव्हती. पण आज्ञापत्रातलं टोपीकरांवरचं, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांवरचं, प्रकरण मला सर्वांत धारदार वाटतं. अमात्य सांगतात, की इंग्रज, फिरंगी, वलंदेज, फरासीस हे सावकारी करतात खरे, पण इतर सावकारांसारखे नव्हेत. प्रत्येकाच्या मागे त्याचा राजा उभा आहे. यांना किनाऱ्यावर पक्की जागा देऊ नये.

मामा : बघ, अमात्यांनाही त्या सावकारामागे राजा दिसला. तुला दिसत नाही.

मी : मला सावकार दिसतो. राजा मागे होता खरा, पण पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते सावकार ठरवत होता. डिसेंबर १७७४ आठव. ठाण्याच्या किल्ल्यावर चालून गेले ते मुंबईचे इंग्रज. लंडनच्या राजाने सांगितलं नव्हतं. कलकत्त्याच्या वरिष्ठांना विचारलं नव्हतं. राघोबादादांशी सुरतेचा तह केला तेव्हा कलकत्त्याने तो नाकारला, १७७६ मध्ये पुरंदरचा वेगळा तह केला. पण साष्टी सोडली का? नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहात ती कायमची लिहून घेतली. १६६२ मध्ये मार्लबरोने जे बेट मागितलं होतं आणि एका व्हाइसरॉयने मुंबई म्हणजे फक्त मुंबई असं म्हणून दिलं नव्हतं, ते एकशे बारा वर्षांनी कुणाच्याही सहीवाचून घेतलं गेलं. मुंबई आणि उपनगरं वेगळी का वाढली, शहराचा कायदा, मोजणी आणि वस्ती एक आणि साष्टीची दुसरी का झाली, याचं मूळ त्या नकारात आहे.

मामा : हे मला पटतं. आमच्या दफ्तरातसुद्धा ते दिसतं. शहरातल्या जमिनीची नोंद एका रीतीची, उपनगरातली सातबाऱ्याची. माणसं विचारायची, साहेब, एकाच मुंबईत दोन पद्धती कशा? आम्ही म्हणायचो, पहिल्यापासून आहे.

मी : पहिल्यापासून म्हणजे आंतोनियो दे मेलो दे कास्त्रोपासून.

मामा : पण मग माझं एक ऐक. १७९९ मध्ये कंपनीने पवईची जमीन डॉक्टर स्कॉटला पट्ट्याने दिली. तिरंदाज, पासपोली, साकी ही गावं त्यात आली. १८२९ मध्ये तीच इस्टेट फ्रामजी कावसजींकडे गेली. चांगला माणूस, ऊस लावला, नीळ लावली, विहिरी खणल्या. फिदाल्गो गेला, मामलेदार आला, तो गेला, डॉक्टर आला, मग शेटजी. साष्टीचा राजा लिस्बनचा होता, माद्रिदचा होता, साताऱ्याचा होता, मग लंडनचा झाला. तिरंदाजच्या शेतकऱ्याने दर वेळी कुणाला तरी भात मोजून दिलंच. तू मला सांग, यातला कुठला राजा अनियंत्रित नव्हता?

मी : त्याला तसा प्रश्न विचारला असता तर त्याने राजाचं नाव घेतलं नसतं. खोताचं घेतलं असतं.

मामा : बरोबर. आणि खोताला विचारलं असतंस, हा अधिकार कुणी दिला, तर त्याने पेटीतून सनद काढून दाखवली असती. तिच्यावर राजाचंच नाव असतं.

मी : पहिल्या चार्ल्सकडेही सनद होती, मामा. देवाने दिलेली. १६४९ मध्ये ती कुणी वाचली नाही.

मामा : लंडनला नाही वाचली. तिरंदाजला आणखी दीडशे वर्षं वाचली गेली. तू लंडनहून मोजतेस, मी तिरंदाजहून.

मी : मग पुढच्या वेळी सनदच घेऊन बसू. ग्रिनिचवाली. तिच्यात बेटावरच्या रहिवाशांचे धर्म आणि रिवाज सांभाळण्याविषयी काय आहे, ते ओळीने वाचू.

मामा : आणि पाळलं किती, ते?

मी : तेही.